आबा लेकीकडे जेवले

चाकण, ३ फेब्रुवारी १९५७

रंभाला आईचा आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना उलटला. दिवाळीला आली नाहीस, ताप होता म्हणालीस. संक्रांतीला आली नाहीस, जावयांची शिफ्ट बदलली म्हणालीस. आता शिमग्याला काय सांगायचं तेही ठरवून ठेव, ऐनवेळी धांदल नको. चिंचवड काही विलायतेत नाही. सकाळी निघालेला माणूस दुपारी चाकणला पोचतो.

कांदा निघाला आहे. सोमवारी, ११ तारखेला, तुझे आबा अर्धं पोतं घेऊन येतील. दोन रात्री राहतील. त्यांच्या भाकरी मी बांधून देते आहे, सोबत तिळाची चटणी. तू जेवायचा आग्रह करू नकोस. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घेऊ नये, हे माझ्या आजीच्या आधीपासून चालत आलं आहे, तुझ्यामाझ्यासाठी ते बदलायचं नाही. मागच्या खेपेला तू चहाचा कप पुढे धरून रडवेली झालीस, तर हा माणूस घरी येऊन दोन दिवस धड बोलला नाही.

चार वर्षं झाली गं लग्नाला. तुझ्या हातची मासवडी मलाही खायची आहे, तेव्हा जरा मनावर घे. एवढंच लिहिते. जास्त लिहिलं की तू रागावतेस.

आणखी एक. तुझ्या आबांना सही येत नाही. तुझी पत्रं मीच त्यांना वाचून दाखवते. तेव्हा त्यांना काही गुपित सांगायचं असेल तर तोंडीच सांग, कागदावर आलं की ते आधी मला कळणार!

जावयांना आशीर्वाद.

तुझी आई,
सुभद्रा

*

चिंचवड, १४ फेब्रुवारी १९५७

आईला रंभाचा नमस्कार.

आबा काल दुपारी निघाले, संध्याकाळपर्यंत पोचले असतील. कांदा छान आहे. घरमालकीण रुक्मिणीबाईंना चार दिले तर त्यांनी लगेच पदरात घेऊन वासच घेतला.

मंगळवारी आम्ही दोघं पुण्याला जाऊन आलो. ह्यांना कारखान्यात पहिली पाळी होती, म्हणून आबाच सोबत आले. सकाळच्या गाडीनं गेलो. तिथे एक छोटं काम होतं, ते दहा-साडेदहाला आटोपलं. मग आबा म्हणाले, "आता आलोयच तर पुनं दाव मला." लग्नाच्या बस्त्याला आले होते तेवढंच त्यांनी पाहिलेलं. दिवसभर आम्ही नुसते फिरलो. मला तर शाळेला सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं.

टांगा त्यांनीच केला. मी म्हटलं पायी जाऊ, तर ऐकेनात. तळ्यातल्या गणपतीला गेलो, शनिवारवाडा बाहेरून पाहिला, मग पेशवे पार्कात गेलो. तिथे सिंह आहे. आबा त्याच्यापुढे उभे राहून म्हणाले, "ह्याला रोजचं किती लागतं खायाला? आन् काम काय करतो ह्यो?" शेजारची माणसं हसायला लागली. तिथेच लहान मुलांची आगगाडी सुरू झाली आहे, एवढीशी, खरं इंजिन लावल्यासारखी. मुलं ओरडत होती. आबा तिच्या तीन फेऱ्या होईपर्यंत कठड्याला टेकून उभे होते. मी बोलावलं तरी हलले नाहीत.

मग मंडई. आई, तू एकदा मंडई बघच. कोथिंबिरीच्या जुड्यांचा नुसता डोंगर. लसूण घेतला, सुकं खोबरं घेतलं, तीळ घेतले. आबांनी पिशवी मला उचलू दिली नाही. बाहेर बोरं घेतली, ती मी गाडीत बसून एकटीनं संपवली. चारच्या गाडीनं परत.

ह्यांना कधीची मासवडी हवी होती, म्हणून आल्या आल्या चूल पेटवली. तुझ्याच पद्धतीनं केली. बेसन शिजवताना हात दुखेपर्यंत घोटलं, ओल्या फडक्यावर थापलं, आत तीळ-खोबरं-कांदा-लसूण भरून वळलं. पहिली वडी कापताना फुटली, बाकीच्या नीट निघाल्या. रश्शाला तिखट जरा जास्त झालं. आबा उंबऱ्यात बसले होते, शेजारी तुझ्या भाकरीचं गाठोडं. मी ह्यांचं ताट वाढलं. तेवढ्यात आबा उठले, हातपाय धुऊन आत आले आणि म्हणाले, "रंभे, माझा पाट मांड." मासवडी दोनदा मागून घेतली. दोन भाकरी खाल्ल्या. पाणीसुद्धा माझ्याच घरचं प्यायले.

काय लिहू आणखी? खूप बरं वाटलं.

तुझी,
रंभा

*

चाकण, १८ फेब्रुवारी १९५७

माझ्या गुणाच्या बायला आईचे हजार आशीर्वाद.

लबाडे! "काय लिहू आणखी" म्हणे! लिहायचं ते सगळं लिहून वर साळसूदपणा. तुझं पत्र आबांना वाचून दाखवत होते. "पाट मांड" इथे आले आणि गप्प झाले. तेच वाक्य मनातल्या मनात तीनदा वाचलं. मग ह्यांना विचारलं, "लेकीकडं जेवलात?" तर म्हणाले, "व्हय." बस्स. उठले आणि गोठ्यात गेले. आनंदानं बावरलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मला काही कळत नाही असं समजू नकोस. टांगा कशाला, पिशवी उचलू का दिली नाही, पोरांच्या गाडीपुढे तासभर काय उभं राहायचं आणि तू पसाभर बोरं एकटीनं का खाल्लीस, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? आधी बापाला सांगितलंस, आईला नाही, याचा राग मी बाळंतपणात काढीन.

आता ऐक. जड उचलायचं नाही. नदीवर धुणं घेऊन जायचं नाही. जिने चढायचे नाहीत, तुमच्याकडे जिना नाही ते बरंच आहे. डिंक आणि खारीक पाठवते आहे. तिखट कमी खा, रश्शातही.

कोणाला सांगणार नाही, काळजी करू नकोस. तिसरा सरेपर्यंत माझ्या तोंडाला कुलूप.

तुझी आई

*

चाकण, ४ मार्च १९५७

रंभा,

दोन आठवडे झाले, उत्तर नाही. लाजतेस की काय? आईजवळ कसली लाज?

कुलुपाची गोष्ट सांगते, रागावू नकोस. शनिवारी बाजारात तुझ्या सासूबाई भेटल्या. मिरच्या निवडता निवडता म्हणाल्या, "चार वर्सं झाली विहीनबाई, आमच्या ज्योतीरामाच्या घरात पाळना काय हालंना. लोक इचारत्यात." मी गप्प बसणार होते गं. पण त्यांचा तो सूर ऐकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचे हे लेकीकडं जेवून आलेत." अंबुबाईंना पुढे एक शब्द सांगावा लागला नाही. मिरच्या तिथेच टाकल्या, दुकानातून साखर घेतली आणि बाजारात दिसेल त्या ओळखीच्याच्या हातावर ठेवत सुटल्या. शिमगा झाला की त्या ओटी भरायला चिंचवडला येणार आहेत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशा आम्ही दोघी विहिणी.

तुझे आबा मात्र विचित्र वागतात. मी जुन्या लुगड्याचं छोटं दुपटं शिवायला घेतलं होतं. काल त्यांनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि म्हणाले, "आत्ताच न्हाई शिवायचं." मी म्हटलं, शिवण्यानं काय होतंय? तर ओरडले. तीस वर्षांत माझ्यावर न ओरडलेला माणूस. वय झालं म्हणायचं.

पत्र लिही.

आई

*

चिंचवड, ९ मार्च १९५७

आई,

हे पत्र आबांना वाचून दाखवू नकोस. त्यांना सगळं माहीत आहे. तू एकटी वाच आणि वाचताना बसून राहा.

मला दिवस गेलेले नाहीत. यापुढे जाणार नाहीत.

दिवाळीत मला ताप नव्हता. तिसरा महिना होता. तुला दिवाळीला घरी येऊनच सांगायचं असं मी ठरवलं होतं, तुझं तोंड कसं होतं ते बघायचं होतं. वसुबारसेच्या आदल्या दिवशी कारखान्यातून हे आले तेव्हा मी चुलीपुढे पडले होते. पुण्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे रक्त थांबेना. मोठं ऑपरेशन झालं. मला वाचवायचं तर पिशवी काढावी लागेल म्हणाले, ह्यांनी कागदावर सही केली. सही करताना त्यांनी डॉक्टरबाईंना एवढंच विचारलं, "ती घरी येईल ना?" हे मला मागाहून तिथल्या नर्सनं सांगितलं.

तुला का कळवलं नाही? आधी हात चालत नव्हता. मग हिंमत नव्हती. मग तुझं प्रत्येक पत्र यायचं आणि त्यात कुठे ना कुठे पाळणा असायचा.

त्या मंगळवारचं छोटं काम म्हणजे दवाखाना. तीन महिन्यांनी तपासायला बोलावलं होतं. मी आबांना म्हटलं, पोटात दुखतं, औषध आणायचंय. ते बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टरबाईंना वाटलं वडिलांना माहीत असणार, त्यांनी सरळ सांगितलं, जखम चांगली भरली आहे, आता मूल होणार नाही पण मुलगी ठणठणीत आहे, वर्षभर वजन उचलू देऊ नका. आबांनी हात जोडले. बाहेर आल्यावर बराच वेळ उन्हात उभे राहिले. मग म्हणाले, "आता आलोयच तर पुनं दाव मला."

मी फिरले ते खरं, हसले तेही खरं. सिंहाचं ते बोलले तेही खरं. फक्त त्या छोट्या गाडीपाशी त्यांना मीच उपरण्यानं डोळे पुसायला लावले, ते तुला लिहिलं नाही. बोरं मला आवडतात म्हणून खाल्ली गं, लहानपणापासून खातेच आहे.

रात्री पाटावर बसताना मी म्हटलं, "आबा, आई काय म्हणेल?" ते म्हणाले, "मूल हुईस्तवर जेवायचं न्हाई म्हंत्यात. आता ते व्हायचं न्हाई. मंग मी काय मरूस्तवर लेकीच्या दारात उपाशी बसू? वाढ." हे ताटावरून उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळानं आले. चार महिन्यांत मी पहिल्यांदा त्या दिवशी पोटभर जेवले. म्हणून तुला ते लिहिलं. लिहायला नको होतं. पण आबा माझ्या घरी जेवले हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना, आणि तुझ्याशिवाय मला आहे कोण?

तिकडे साखर वाटली जाईल हे डोक्यातच आलं नाही. सासूबाई येतील तेव्हा मी काय करू, सांग.

रंभा

*

चाकण, १८ मार्च १९५७

रंभा,

पत्र वाचलं. आठ दिवस हातात लेखणी धरवली नाही.

मी चाकणच्या बाजारात साखर वाटू दिली आणि माझी लेक तिकडे मरणाच्या दारातून परत येऊन बसली होती. तुला काय काय लिहिलं मी! "मनावर घे" म्हटलं. देवा. ते पत्र असेल तर जाळून टाक.

ह्यांच्याशी भांडले. म्हटलं, महिनाभर मला नाचू दिलंत, तोंडात काय गुळणी धरली होती? म्हणाले, "तुझं हसू मोडवंना मला. रोज सकाळी म्हनायचो, आज सांगतो." तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी बघते तर ते दुपटं स्वतःच घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवत होते. मग कोण भांडणार?

आता माझं ऐक. शिमगा झाला आहे, अंबुबाई कधीही निघतील. त्यांना खरं सांगू नकोस. दिवस गेले होते, पडलं, एवढंच सांग. पडतं की बायकांचं. मी पण तेच सांगेन. खरं कळलं तर त्या ज्योतीरामाला दुसरी आणायला बसतील. कायदा झालाय म्हणतात, पण आमच्याच आळीत मालोजीनं दोन वर्षांपूर्वी दुसरी आणलीच की, कोण आलं धरायला? झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन-चार वर्षं जाऊ देत.

मी येते तुला बघायला. पण एक मागते, रागावू नकोस. मी माझी भाकरी घेऊन येईन. ह्यांनी केलं ते ह्यांनी केलं. माझ्या गळ्याखाली घास उतरणार नाही. तुझ्या घरचं खाल्लं म्हणजे मी ते मान्य केलं, आता काही व्हायचं नाही असं मीच म्हटलं, असं होईल. डॉक्टर काय देव असतो का?

आई

*

चिंचवड, २१ मार्च १९५७

आई,

पडलं म्हणून सांगायचं, म्हणजे सासूबाई पुढच्या दिवाळीला पुन्हा विचारणार. त्याच्या पुढच्या दिवाळीला पुन्हा. मी दर वेळी काहीतरी पाडत राहू? एकदा झालं ते पुरे आहे. हे म्हणतात, आईला मी सांगतो. त्यांची हिंमत होईल की नाही ठाऊक नाही, गेल्या आठवड्यात दोनदा खेडला सासूबाईंकडे जायला निघाले आणि दोनदा एस.टी. स्टँडवरून परत आले. पण खोटं मी बोलणार नाही आणि तूही बोलू नकोस. दुसरी आणायची असेल तर आणू देत. लपवून मिळालेल्या चार वर्षांचं मी काय करू?

आणि भाकरीचं. मी तुझ्यावर रागावले नाही. पण तू उंबऱ्यात बसून गाठोडं सोडशील आणि मी आत ताट घेऊन बसेन, हे मला आता सोसणार नाही. आधी सोसायचं, कारण वाटायचं, आज नाही तर उद्या आई आत येईल. आता तुझी ती भाकरी बघितली की मला एवढंच कळेल की माझ्या घरात काहीतरी कमी आहे आणि ते माझ्या आईलाही दिसतं. बाहेरचे म्हणोत. तू नको.

डॉक्टर देव नसतील. पण पोट माझं आहे, त्यात काय आहे आणि काय नाही ते मला माहीत आहे.

भाकरी बांधून येणार असशील तर येऊ नकोस, आई. 

रंभा

*

चाकण, ५ एप्रिल १९५७

रंभास आईचा आशीर्वाद.

तुझ्याकडून निघून आज आठवडा झाला. काय झालं ते आधी कळवायला हवं होतं, पण येऊन तापानं पडले. आता बरी आहे. आबांनी काढा करून दिला. तो इतका कडू होता की बरं व्हावंच लागलं.

तुझ्याकडे जेवले ते कसं जेवले हे तुला सांगते, कारण तू समजलीस की रश्शाचा ठसका लागला. रस्सा चांगला होता. घरातून रिकाम्या हातानं निघाले तेव्हा माझं नक्की नव्हतं. मनात म्हणत होते, पोरीची समजूत काढू, उपास आहे म्हणू. तू पाट मांडलास आणि माझ्याकडे पाहिलंस. लहानपणी चूक केल्यावर पाहायचीस तसं. माझी लेक स्वतःच्या घरात, स्वतः रांधलेलं वाढताना चोरासारखी उभी आहे, आणि तिला तसं कोणी केलं? पहिला घास घेतला आणि मला रडू आलं. तुझ्यासाठी आलं, माझ्यासाठीही आलं. मी अजून पुरतं मान्य केलेलं नाही, हेही सांगून ठेवते. पोळीभाजी पोटात गेली म्हणून मन लगेच ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसले ती चाकणला उतरले नाही. थेट खेडला गेले. तुला सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस, ज्योतीरामांनी तर नक्कीच.

अंबुबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. शेजारी एक कोरं हिरवं लुगडं घडी घालून ठेवलेलं, तुझ्या ओटीचं. मला बघून हरखल्या. "या विहीनबाई, लेकीकडनं आलासा व्हय? जेवलासा का न्हाई?"

मी म्हटलं, "जेवले."

"मंग काय तर! पोर बरी हाय न्हवं? कितवा लागला?"

वाटेत मी काय काय बोलायचं ठरवलं होतं, सगळं विसरले. मी म्हटलं, "कितवाच न्हाई. दिवाळीत गेलं ते, पोरबी जाता जाता वाचली. पिशवी काढली दवाखान्यात. आता मूल व्हायचं न्हाई. बाजारात मी तुमास्नी सांगितलं ते माझ्या खुळ्या मनानं सांगितलं, पोरीनं न्हाई. काय बोलायचं ते मला बोला."

त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग म्हणाल्या, "ज्योतीरामाला ठावं हाय?"

"त्यांनीच सही केली. ती घरी येईल का, एवढंच इचारलं म्हनं त्यांनी."

तेव्हा त्यांनी डोळ्यांना पदर लावला. किती झालं तरी त्याची आई आहे. दोनदा निघून स्टँडवरून परत गेला तेही मी सांगितलं. ते ऐकून म्हणाल्या, "लहानपनापासनं असाच हाय, वाईट सांगायचं म्हटलं की पाय मागं." मग एकदम माझ्याकडे रोखून पाहिलं. आवाजात राग होता.

"मूल व्हायचं न्हाई हे ठावं व्हतं, मंग जेवलासा कशापायी?"

चार वर्षं मी ज्या रीतीला धरून बसले होते, तीच त्या मला विचारत होत्या. त्यांची काही चूक नव्हती. महिन्यापूर्वी मीही हेच विचारलं असतं.

मी म्हटलं, "भूक लागली व्हती. आन् लेकीचं घर व्हतं."

त्या उठून आत गेल्या. चहा विचारला नाही, थांबा म्हटलं नाही. मी ओसरीवर थोडा वेळ बसले, मग निघाले. ते लुगडं तिथेच होतं. त्या येतील तुझ्याकडे. ते लुगडं घेऊन येतील की ज्योतीरामाला दुसरी बघितली म्हणून सांगायला येतील, मला सांगता येत नाही. उगाच धीर देत नाही. काही आलं तरी खोटं बोलू नकोस, आणि त्यांना जेवल्याशिवाय जाऊ देऊ नकोस.

एस.टी.ला दोन तास होते. रस्त्याकडेच्या दगडावर बसले. एका बाईनं भाकरी सोडली होती, मला म्हणाली, "घ्या की आक्का, दुपार झाली." मी म्हटलं नको, मी माझ्या लेकीकडून जेवून आलेय. त्या अनोळखी बाईला मी हे दोनदा सांगितलं.

तुझी आई,
सुभद्रा